लेक्चर गावात पोहोचलं, परीक्षा अजून शहरातच

सोयाबीनच्या काढणीचे दिवस आणि ऑनलाइन कोर्सच्या परीक्षेचे दिवस बरोबर एकाच वेळी येतात. जुलैमध्ये सुरू झालेला बारा आठवड्यांचा 'एनपीटेल'चा कोर्स ऑक्टोबरमध्ये संपत येतो आणि त्याच सुमारास शनिवार-रविवार पाहून परीक्षा लागते. गावात त्याच आठवड्यात मळणीयंत्राचा नंबर लागलेला असतो, आभाळ भरून आलेलं असतं, आणि घरातलं शिकणारं पोरगं किंवा पोरगी हातात फोन धरून हॉल तिकीट शोधत असते. परीक्षा केंद्र तालुक्याला नसतं, ते शहरात असतं. पहाटेची एसटी, दोनशे-तीनशे रुपये भाडं आणि एक अख्खा दिवस. ज्यांनी हे वेळापत्रक केलं त्यांना सोयाबीन माहीत नसणार, त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण मोठमोठी विद्यापीठं एकत्र येऊन उभं केलेलं ऑनलाइन शिक्षण गावाच्या वेशीपर्यंत येऊन नेमकं कुठं अडतं, हे कळायला एवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

सध्या तालुक्यातल्या बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांत 'स्वयम्', 'एनपीटेल', 'एबीसी आयडी', 'क्रेडिट' हे शब्द कानावर पडतात. नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून तर प्रवेशाच्या वेळीच त्याची चर्चा होते. पालकांना त्यातलं फारसं कळत नाही, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच प्राध्यापकांचाही गोंधळ आहे. म्हणून आधी मामला काय आहे तो बघू.

2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, अशा आठ संस्था एकत्र आल्या. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी, रुरकी या त्या सात आयआयटी. केंद्र सरकारने पैसे दिले आणि 'एनपीटेल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कल्पना साधी होती. आयआयटीत जागा मोजक्या, बाहेर अभियांत्रिकी महाविद्यालयं भरमसाट, आणि तिथे शिकवायला चांगले मास्तर नाहीत. मग आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर रेकॉर्ड करून सगळ्यांना फुकट द्यायची. कुठल्या संस्थेने कुठला विषय करायचा ते वाटून घेतलं. भारतात संस्था एकमेकींशी सहसा वाटून घेत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट तशी मोठीच म्हणायची.

पुढे नुसतं लेक्चर बघून काय उपयोग, कागद पाहिजे, अशी मागणी आली. 2014 पासून एनपीटेलने परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. कोर्स बघायला पैसे नाहीत, परीक्षेला बसायचं असेल तर फी भरायची, साधारण हजार रुपये. दर आठवड्याचे गृहपाठ 25 गुणांना, शेवटची परीक्षा 75 गुणांना. गृहपाठात 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30 मिळाले तर प्रमाणपत्र. परीक्षा केंद्रावर जाऊन, संगणकासमोर बसून द्यायची. कोर्स ऑनलाइन असला तरी परीक्षेला ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहावं लागतं.

9 जुलै 2017 ला 'स्वयम्' सुरू झालं. एनपीटेल त्याचा एक भाग झाला. इग्नू, यूजीसी, एनसीईआरटी, आयआयएम बंगळुरू अशा इतर संस्थाही त्यात आल्या, म्हणजे फक्त अभियांत्रिकी नाही तर इतिहास, वाणिज्य, शिक्षणशास्त्र असे विषयही मिळू लागले. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी 'स्वयंप्रभा'चे 32 टीव्ही चॅनेल सुरू झाले, डिशवर फुकट दिसणारे. रोज चार तासांचा नवीन कार्यक्रम आणि तोच दिवसभरात पुन्हा पुन्हा. ज्याला जेव्हा सवड तेव्हा बघावं, हा हेतू. गावात किती घरांत ते चॅनेल लागतं हा भाग वेगळा. रिमोट ज्याच्या हातात, चॅनेल त्याचं.

गाठ क्रेडिटची

इथपर्यंत सगळं छान आहे. खरी गाठ यापुढे आहे.

यूजीसीने 2016 मध्ये नियम केला की विद्यार्थ्याला एका सत्रातले 20 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून करता येतील आणि त्याचं क्रेडिट त्याच्या पदवीत धरलं जाईल. 2021 मध्ये ही मर्यादा 40 टक्के केली. म्हणजे कागदावर असं आहे की तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणारी मुलगी तिच्या सत्रातल्या पाचपैकी दोन विषय आयआयटीच्या किंवा दुसऱ्या विद्यापीठाच्या प्राध्यापकाकडून शिकू शकते. तिच्या महाविद्यालयात त्या विषयाचा मास्तर नसला, पद रिक्त असलं, तासिका तत्त्वावरचा माणूस दिवाळीनंतर आलाच नाही, तरी तिचं अडणार नाही.

पण कुठला कोर्स चालेल हे तिच्या विद्यापीठाच्या विद्या परिषदेने आधी ठरवायचं असतं. सत्र सुरू होण्याआधी यादी निघाली पाहिजे, महाविद्यालयाने ती फळ्यावर लावली पाहिजे, आणि कोर्स संपल्यावर आलेले गुण विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने गुणपत्रिकेत चढवले पाहिजेत. या साखळीतली एक कडी निसटली की हातात उरतं ते नुसतं प्रमाणपत्र. भिंतीवर लावायला चांगलं, पदवीत त्याचा उपयोग शून्य.

त्यात 'एबीसी' म्हणजे शैक्षणिक क्रेडिट बँक. 2021 मध्ये ती सुरू झाली. विद्यार्थ्याने कुठूनही कमावलेलं क्रेडिट त्याच्या खात्यात जमा व्हावं, जसे दूध संघात लिटर जमा होतात तसे, ही त्यामागची कल्पना. खातं डिजिलॉकरमधून आधारवर निघतं. आणि इथे महाराष्ट्रातल्या पोरांची एक खास अडचण आहे, जी दिल्लीत बसून कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा नाव आधी, आडनाव शेवटी. त्यात आधार काढताना कुणी 'बाळासाहेब' लिहिलेलं, शाळेत 'बाळू'. मुलगी लग्न झालेली असेल तर आडनावच वेगळं. नाव जुळत नाही म्हणून खातं अडतं, आणि मग सेतू केंद्र, महाविद्यालयाचं ऑफिस, परत सेतू केंद्र अशा चकरा सुरू होतात. ऑनलाइन शिक्षणातला हा सगळ्यात ऑफलाइन भाग.

दक्षिण कोरियाने हे काम 1998 मध्ये सुरू केलं. तिथेही क्रेडिट बँकच आहे. नोकरी करणारा, शिक्षण अर्धवट सोडलेला, कारखान्यात काम करणारा माणूस वेगवेगळ्या ठिकाणी शिकून क्रेडिट गोळा करतो, 140 क्रेडिट झाले आणि बाकीच्या अटी पूर्ण केल्या की त्याला पदवी मिळते. कोरियन विद्यापीठांचे मोफत ऑनलाइन कोर्स, ज्याला 'के-मूक' म्हणतात, ते आले 2015 मध्ये. म्हणजे कोरियाने आधी क्रेडिट मोजायचा तराजू तयार केला आणि सतरा वर्षांनी त्यात ऑनलाइनचा माल टाकला. आपल्याकडे उलटं झालं. व्हिडिओ 2003 पासून, प्रमाणपत्र 2014 पासून, आणि तराजू 2021 मध्ये. माल आधी, काटा नंतर. मोंढ्यात असं झालं तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

मलेशियानेही 2016 मध्येच आपल्या गुणवत्ता संस्थेमार्फत अशा कोर्सचं क्रेडिट कसं धरायचं याचे नियम लिहून काढले. त्याच्याही आधी, 2000 मध्ये, तिथल्या 11 सरकारी विद्यापीठांनी मिळून एक कंपनी काढली आणि त्या कंपनीने 'ओपन युनिव्हर्सिटी मलेशिया' उभं केलं. अकरा विद्यापीठांनी एकेकट्याने दूरशिक्षण विभाग चालवण्यापेक्षा एकच घर बांधलं. आपल्या राज्यात एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन आणि पात्रता प्रमाणपत्रासाठी किती हेलपाटे घालावे लागतात, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

टपाल खातं, शाळा आणि वाचनालय

आशियात मुक्त विद्यापीठांची परंपरा जुनी आहे आणि ती इंटरनेटवर उभी राहिलेली नाही. पाकिस्तानचं अल्लामा इक्बाल मुक्त विद्यापीठ 1974 चं, थायलंडचं सुखोथाई थम्माथिरात 1978 चं, इंडोनेशियाचं 'युनिव्हर्सिटास तेरबुका' 1984 चं, आपलं इग्नू 1985 चं. कोरियाचं तर 1972 चं. या मंडळींनी 1987 मध्ये आशियाई मुक्त विद्यापीठांची संघटना काढली. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या देशात जमायचं, एकमेकांचं काय चाललंय ते बघायचं, असं ते काम आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये सुरू झालं, म्हणजे आपणही त्याच पिढीतले.

यातलं इंडोनेशियाचं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. हजारो बेटांचा देश. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला बोट. तिथे प्राथमिक शाळेत शिक्षक होते पण त्यांच्याकडे पदवी नव्हती, आणि पदवीसाठी शाळा सोडून शहरात जाऊन राहणं शक्य नव्हतं. मुक्त विद्यापीठाने टपाल खात्याची मदत घेतली, पुस्तकं आणि फॉर्म टपालाने पोहोचवले, फी बँकेत आणि पोस्टात भरायची सोय केली. आणि परीक्षा? ती ठिकठिकाणच्या शाळा मागून घेऊन रविवारी तिथेच घेतली. शिक्षक रविवारी मोकळा, शाळेची इमारतही मोकळी. मुख्यालय राजधानी जकार्ताजवळ असलं तरी पेपर जिल्ह्यांपर्यंत गेला. आता तिथे शिक्षण बरंच ऑनलाइन झालंय, पण प्रादेशिक कार्यालयांचं जाळं मोडलेलं नाही.

थायलंडने प्रांतांच्या सार्वजनिक वाचनालयात आपल्या विद्यापीठाचा एक कोपरा मागून घेतला. पुस्तकं, ध्वनिफिती तिथे ठेवल्या. वेगळी इमारत बांधली नाही.

आणि नाशिकनेही सुरुवातीला हेच केलं. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले यांच्या काळात जी पद्धत बसवली तिच्यात स्वतःची महाविद्यालयं बांधायची नाहीत, आहेत त्यांच्यातच अभ्यास केंद्र काढायचं, असं ठरलं. पुस्तकं मराठीत, स्वतः वाचून समजतील अशी. मार्गदर्शनाचे तास सुट्टीच्या दिवशी. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य तालुक्यातल्या किती तरी जुन्या फलकांवर आजही दिसतं. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, पोलीस, बारावीनंतर लग्न झालेल्या मुली यांच्यातल्या अनेकांच्या घरात नाशिकची पदवी आहे. ती पदवी कमअस्सल आहे असं हिणवणारेही होते. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने स्पष्टच सांगितलं की मान्यताप्राप्त दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. तोपर्यंत कित्येकांनी टोमणे ऐकून घेतले होते.

या जुन्या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. काही अभ्यास केंद्रांवर तास व्हायचेच नाहीत, पुस्तकं परीक्षा जवळ आल्यावर यायची. पण केंद्र तालुक्यात होतं. अडलं तर विचारायला एक माणूस होता, मग तो सांगो की न सांगो. स्वयम्‌वर अडलं तर प्रश्न इंग्रजीत टाइप करून टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची.

देशादेशांतल्या सहकार्यातही हाच धडा दिसतो. दक्षिण कोरियाने आसियानमधल्या कंबोडिया, लाओस, म्यानमार आणि व्हिएतनाम या देशांसाठी सायबर विद्यापीठाचा प्रकल्प हाती घेतला. कोरियन विद्यापीठांनी नुसते व्हिडिओ पाठवून दिले असते तर काम सोपं होतं. पण त्या देशांच्या विद्यापीठांमध्ये ई-लर्निंग केंद्रं उभी करावी लागली, तिथल्या शिक्षकांना कोर्स तयार करायला शिकवावं लागलं. कोर्स बाहेरून येऊ शकतो, पण चालवणारा माणूस तिथलाच लागतो.

मुंबईने दाखवलेली वाट

हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना शिकवण्याचा कार्यक्रम राबवला. देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रं केली. प्रत्येक केंद्राचा एक समन्वयक आधी मुंबईत येऊन शिकून गेला. मग आयआयटीतून थेट लेक्चर, आणि प्रात्यक्षिक मात्र ज्याच्या त्याच्या महाविद्यालयात, त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली. लेक्चर दाखवायला लागणारं सॉफ्टवेअर अमृता विद्यापीठाचं होतं. म्हणजे एकाचं डोकं, दुसऱ्याचं यंत्र, तिसऱ्याची जागा.

आयआयटी मुंबईचंच दुसरं काम 'स्पोकन ट्युटोरियल'. संगणकाचे छोटे छोटे धडे, साधारण दहा मिनिटांचे, आवाज मराठीसह देशातल्या अनेक भाषांत. इंटरनेट नसलं तरी डाउनलोड करून लॅबमध्ये चालतात. शिकवणारा तज्ज्ञ नसला तरी चालतो, एक सांभाळणारा शिक्षक लागतो. आणि परीक्षा त्याच महाविद्यालयाच्या लॅबमध्ये. याचा बोलबाला फार झाला नाही. बहुतेक फुकटच्या आणि साध्या गोष्टींचं असंच होतं.

ही दोन्ही कामं 2009 च्या आसपास सुरू झालेल्या राष्ट्रीय मिशनमधली. म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयात परीक्षा घेता येते हे पंधरा वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. मग एनपीटेलची आणि स्वयम्‌ची परीक्षा शहरातच का? उत्तर कॉपीच्या भीतीत आहे. आणि ती भीती खोटी नाही. बारावीच्या परीक्षेत काही केंद्रांवर काय चालतं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्यावर उपाय म्हणून केंद्रच लांब नेलं तर प्रामाणिक पोराला दंड बसतो. बाहेरून पर्यवेक्षक पाठवा, आयटीआयची लॅब घ्या, कॅमेरे लावा, जोडीला शेजारच्या तालुक्याचे शिक्षक आणा. बँकेची, पोलीस भरतीची परीक्षा घेताना जी यंत्रणा लागते त्यापेक्षा हे अवघड नाही.

लांबच्या केंद्राचा फटका सगळ्यात आधी कुणाला बसतो? मुलींना. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर जाऊन येतो. मुलीबरोबर कुणीतरी जावं लागतं, म्हणजे दोन तिकिटं आणि घरातल्या दोन माणसांचा दिवस. सुगीच्या दिवसांत तो मिळत नाही. 'असर'च्या 2023 च्या ग्रामीण सर्वेक्षणात 14 ते 18 वयोगटातल्या जवळपास सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन होता. पण फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेली मुलं 43.7 टक्के आणि मुली 19.8 टक्के निघाल्या. घरात फोन असणं आणि रात्री नऊ वाजता आठवड्याचा गृहपाठ जमा करायला फोन हातात असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. त्या वेळी तो फोन भावाकडे असतो नाहीतर वडिलांच्या खिशात असतो.

मुळात कोर्स अर्धवट सुटणं ही फक्त आपल्याच गावची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांच्या ऑनलाइन कोर्सवर 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात 2017-18 या वर्षात नोंदणी केलेल्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास होते. घरात वायफाय आणि टेबल-खुर्ची असलेल्यांची ही गत. त्यामुळे तालुक्यातल्या पोरांनी कोर्स सोडला की 'यांना शिकायचंच नाही' असं म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

मराठी उपशीर्षकात, प्रश्न इंग्रजीत

भाषेचा प्रश्न नेहमी शेवटी घेतला जातो, म्हणून तो सुटत नाही. एनपीटेलने आपल्या लेक्चरच्या मजकुराचं मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतर केलंय. ते काम चांगलंच आहे. पण मास्तर बोलतात इंग्रजीत, खाली मराठी वाचायचं, फळ्यावर इंग्रजी, गृहपाठ इंग्रजी आणि परीक्षेतला प्रश्न इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला विषय समजतो आणि प्रश्न समजत नाही अशी वेळ येते. भाषांतर तरी कसं? यंत्राने केलेल्या मराठीत कधी कधी मूळ इंग्रजी परवडली असं वाटतं. इंडोनेशिया, थायलंड, कोरिया या देशांनी त्यांच्या भाषेत शिकवलं, त्यांना हा प्रश्न एवढा आलाच नाही. भारतात तो राहणारच. त्यावर उपाय राज्यातल्या विद्यापीठांनी एकत्र यायचा आहे. राज्यात दहा-बारा विद्यापीठांत बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र जवळपास एकच शिकवतात. त्याचा एक चांगला मराठी कोर्स सगळ्यांनी मिळून केला, आणि त्याचं क्रेडिट सगळ्यांनी धरलं, तर कुणाचं काय बिघडेल? बिघडेल ते एवढंच की अभ्यासक्रम आमचाच वेगळा, ही ऐट जाईल.

2022 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डिजिटल विद्यापीठाची घोषणा झाली होती. देशातली चांगली सरकारी विद्यापीठं आणि संस्था मिळून जाळं करतील, वेगवेगळ्या भारतीय भाषांत शिकवतील, असं तेव्हाच्या भाषणात होतं. त्या जाळ्याचं एक टोक तालुक्याला बांधलं नाही तर त्याचंही स्वयंप्रभाच्या चॅनेलसारखं होईल.

शेतीचं काय?

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न पहिला येतो. शेतीची पदवी घरबसल्या करता येते का? नाही. यूजीसीच्या नियमाप्रमाणे अभियांत्रिकी, वैद्यकीय यांच्यासारखंच कृषी आणि उद्यानविद्या या विषयांची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देता येत नाही. कारण प्रात्यक्षिक. नियम पटण्यासारखा आहे, कलम बांधणं व्हिडिओ बघून येत नाही. पण ज्याच्या पायाखाली रोज शेत आहे त्यालाच प्रात्यक्षिक नाही म्हणायचं, ही यातली गंमत आहे. कृषी विज्ञान केंद्रात पंधरा दिवस प्रात्यक्षिक आणि बाकी अभ्यास घरी, अशी काही सोय पदवीसाठी होऊ शकते का, याचा विचार कृषी विद्यापीठांनी करायला हरकत नव्हती. सध्या तरी प्रमाणपत्र आणि छोट्या कोर्सवर भागवावं लागतं.

या छोट्या कोर्समध्ये एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. आयआयटी कानपूरने कॅनडात मुख्यालय असलेल्या 'कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग' या संस्थेबरोबर शेतीचे ऑनलाइन कोर्स केले. त्यासाठी कानपूरने 'मूकिट' नावाची स्वतःची यंत्रणा तयार केली. रेंज चांगली असेल तर व्हिडिओ, कमी असेल तर नुसता आवाज, आणि अगदीच नसेल तर साध्या फोनवर कॉल येऊन लेक्चर ऐकता येईल, अशी तिची रचना. मोटार चालू करून बांधावर बसलेल्या माणसाला हे जमतं. व्हिडिओ बघायला दोन्ही हात आणि डोळे मोकळे लागतात, ऐकायला फक्त कान लागतो. ऑनलाइन शिक्षण म्हणजे व्हिडिओच, हे कुणी ठरवलं कोण जाणे.

फलक बघून भुलू नका

या सगळ्या गोंधळाचा फायदा घेणारेही तयार झालेत. तालुक्याच्या ठिकाणी, बसस्टँडसमोर 'घरबसल्या पदवी, एका वर्षात तीन वर्षं' असे फलक लागतात. कुठल्या तरी लांबच्या राज्यातल्या विद्यापीठाचं नाव, खाली दोन मोबाईल नंबर. एका वर्षात तीन वर्षं असं काही नसतं. विद्यापीठाला आपले ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचे कोर्स फ्रँचायझीने चालवायला देता येत नाहीत, हे यूजीसीने जानेवारी 2022 मध्ये बजावून सांगितलंय. कुठलाही ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर त्या विद्यापीठाचं आणि त्या कोर्सचं, दोन्हींचं नाव त्या वर्षाच्या यादीत आहे का ते बघायचं. विद्यापीठाला मान्यता आहे पण त्या कोर्सला नाही, असंही असतं. 2024-25 पासून अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याला स्वतःचा 'डीईबी आयडी' काढावा लागतो. एजंट म्हणाला 'त्याची गरज नाही, आम्ही बघतो', तर तिथून उठून यायचं.

स्वयम् किंवा एनपीटेलचा कोर्स घेणाऱ्यांनी मात्र वेगळी काळजी घ्यायची. पैसे भरायच्या आधी महाविद्यालयात लेखी विचारायचं की हा कोर्स आपल्या विद्यापीठाच्या यादीत आहे का, किती क्रेडिट धरणार आणि कुठल्या विषयाच्या जागी. प्राचार्यांना सांगता येत नसेल तर विद्यापीठात विचारायला लावायचं. दुसरं म्हणजे, महाविद्यालय एनपीटेलचं 'लोकल चॅप्टर' आहे का ते बघायचं. असेल तर तिथे एक प्राध्यापक जबाबदार नेमलेला असतो, आणि नसेल तर महाविद्यालयाला अर्ज करता येतो. लॅबचा एक तास, एक प्राध्यापक आणि आठवड्याला एकदा सगळ्यांनी मिळून गृहपाठ समजून घेणं, एवढ्यावर कोर्स पूर्ण करणाऱ्यांची संख्या वाढते, हे जिथे केलं तिथे दिसतं.

पुढचं सत्र जानेवारीचं. त्याची परीक्षा एप्रिलमध्ये येते. तेव्हा हरभरा आणि गहू घरात आलेला असतो, एसटीला गर्दी असते आणि लगीनसराई ऐन भरात असते. नोंदणी आणि परीक्षेचा फॉर्म यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात, कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही. फॉर्म भरतानाच परीक्षेचं शहर निवडावं लागतं. त्या यादीत आपल्या जिल्ह्यातलं जवळचं ठिकाण नसेल, तर ते घालावं अशी मागणी महाविद्यालयांनी, सिनेट सदस्यांनी आणि विद्यार्थी संघटनांनी आत्ताच करायला हवी. एप्रिल उजाडल्यावर केलेल्या मागणीला पुढच्या सोयाबीनपर्यंत उत्तर येत नाही.